एक फूट नऊ इंच

पाकीट फोडलं आणि आतून माझाच कागद बाहेर आला. पत्र जतन समितीचं होतं, वर त्यांचा शिक्का, खाली सही, मध्ये ‘आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की’ वगैरे नेहमीचं दळण. पण पत्राला जी नक्कल टाचली होती, आमच्या घराच्या दर्शनी भिंतीचा नकाशा, तो मी काढलेला होता. एक्केचाळीस वर्षांपूर्वी. कोपऱ्यातली सही बघायची गरजच नव्हती. माझे आकडे किंचित डावीकडे कललेले असतात, आणि दगडांचे सांधे मी असे काढायचो की हात फिरवला तर बोटाला लागतील. खोटं कशाला बोलू, मला आधी आनंदच झाला. अरे वा, काय हात होता, असं म्हणत मी कागद उजेडात धरला. मग पत्र वाचलं. घराच्या सहाही खिडक्या बदलायला हरकत नाही, लाकूड आणि घडण जुन्याप्रमाणे ठेवावी. मात्र वरच्या मजल्यावरील डावीकडच्या खिडकीचा कट्टा अभिलेखानुसार जमिनीपासून तीन फूट तीन इंच असून प्रत्यक्षात तो एक फूट नऊ इंच आढळला. सबब हा बदल परिसर संरक्षित जाहीर झाल्यानंतर विनापरवाना केला असल्याचे समितीचे मत असून कट्टा पूर्ववत करावा. हरकत असल्यास मंगळवारी अकरा वाजता सुनावणीस हजर राहावे. अभिलेखानुसार, म्हणजे माझ्या नकाशानुसार. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी पत्राची घडी करून खिशात टाकली आणि चहा ठेवला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

‘कुणाचं रे पत्र?’ ताईनं खिडकीतून न वळताच विचारलं. ‘समितीचं. मंजुरी आलीय, थोड्या अटी आहेत,’ मी म्हणालो. ‘अटी नसतील तर समिती कसली,’ ती म्हणाली आणि हातातल्या छत्रीची काडी वाकवून बघू लागली. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, एकाहत्तरची. चार वर्षांची असताना ताप आला आणि तो उतरताना तिच्या पायांतलं बळ घेऊन गेला. तेव्हापासून ती बुटक्या चाकांच्या खुर्चीत असते. बैठक जमिनीपासून नऊ इंचांवर, बाबांनी केलेली, चाकं चार वेळा बदलली, खुर्ची तीच. डावीकडच्या खिडकीत तिचं दुकान आहे. गजांमधून एक दोरी खाली रस्त्यावर सोडलेली, दोरीला आकडा. लोक येतात, मोडकी छत्री आकड्याला अडकवतात, दोरीला एक हिसका देतात. ताई छत्री वर ओढते, गजांमधून आत घेते, काय मोडलंय ते वरूनच ओरडून सांगते आणि लगे हात थोडं सुनावतेही. ‘छत्री आहे का काठी? कुणाला बडवलंत हिनं?’ सगळी गल्ली तिला ओळखते. मला ओळखत नाही. मी छत्रीवाल्या ताईंचा भाऊ. कट्टा दीड फुटानं वर गेला तर तिच्यापुढे भिंत येणार होती. दोरी नाही, आकडा नाही, गल्ली नाही. हे मला पत्र वाचताक्षणीच कळलं होतं, आणि तरी मी चहात साखर किती घातली ते मोजत उभा होतो.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी आला. सहापैकी चार चौकटी कुजल्यात, बोट घातलं तर भुसा निघतो, हे त्यानंच दोन महिन्यांपूर्वी दाखवलं होतं. ‘साहेब, लाकूड वाळून तयार आहे. पाच खिडक्यांची मापं आहेत. ताईंच्या खिडकीचं काय ते सांगा, वर न्यायची की आहे तिथे ठेवायची? पावसाला वीस दिवस राहिलेत, आणि ढग काही समितीची परवानगी काढून येत नाहीत.’ मी म्हणालो, मंगळवारपर्यंत थांबा. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग ताईच्या खिडकीकडे, आणि हळूच म्हणाला, ‘आता उंच खुर्च्या मिळतात की. ताईंना तशी एक आणली तर तीन फूट तीनवरूनही दिसेल.’ मला तो मुद्दा आवडला. इतका आवडला की माझीच मला लाज वाटली. ताईच्या कानावर गेलं होतंच. तिचे पाय गेले असतील, कान मात्र दोन माणसांचे आहेत. ‘मिस्त्री,’ ती आतून म्हणाली, ‘उंच खुर्चीत मला कुणीतरी बसवावं लागतं. हिच्यात मी बसते.’ मिस्त्री जीभ चावून जिना उतरला. मग ती मला म्हणाली, ‘खिडकी वर न्यायची म्हणजे काय रे? कसल्या अटी?’ मी म्हणालो, अगं काही नाही, कागदी घोडे. ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिला सगळं कळलेलं असतं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी मी दर वेळी फसतो.

ती खिडकी खाली कशी आली ते मला नीट आठवतं, कारण त्यात माझाही हात होता. मी आठ वर्षांचा होतो. बाबा शाळेत गणित शिकवायचे, सुतारकाम नाही, गवंडीकाम त्याहून नाही. एका दुपारी त्यांनी ताईला पलंगावर बसवलं, तिच्या खुर्चीत मला बसवलं आणि खुर्ची खिडकीपाशी ढकलली. ‘काय दिसतं?’ ‘आभाळ.’ ‘आणि?’ ‘आणि काही नाही.’ ‘नीट बघ.’ मी मान ताणली. ‘आभाळच दिसतं, बाबा.’ ते म्हणाले, ‘चौदा वर्षांची झाली ती. नुसतं आभाळ बघून माणूस किती दिवस काढेल रे?’ मग शाळेतली लाकडी फूटपट्टी घेऊन त्यांनी खुर्चीतल्या ताईच्या डोळ्यांची उंची मोजली: दोन फूट अकरा. खिडकीशेजारच्या भिंतीवर एक रेघ ओढली. पुढचे तीन आठवडे घरात चुना, धूळ आणि बाबांचा खोकला. दगड फोडताना त्यांच्या अंगठ्याचं नख गेलं. ते पुन्हा आलं ते वाकडंच आलं. खिडकी पुरी झाली तेव्हा बाहेरून बघणाऱ्याला घर थोडं तिरळं दिसायचं, पाच खिडक्या एका ओळीत आणि एक खाली लोंबलेली. शेजारचे म्हणाले, मास्तर, घराची रया घालवलीत. बाबा म्हणाले, रया आत बसलीय. मला त्या वयात हे उत्तर फार ग्रेट वाटलं होतं. पुढे कधी वाटेनासं झालं ते कळलं नाही.

कारण चोविसाव्या वर्षी मी नोंदणी खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो आणि माझं नाव झालं. मला सूतराव म्हणायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि माझं माप एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. आमचा परिसर त्याच वर्षी संरक्षित जाहीर झाला आणि इथल्या बेचाळीस घरांचे नकाशे काढायचं काम माझ्याकडे आलं. नियम साधा होता. घर आहे तसं काढायचं. आधीच काही फेरफार झालेला असेल तर तो लाल रेघेनं दाखवायचा. लाल रेघेतलं जे असेल ते कायम राहील, त्याला पुढे कुणी हात लावणार नाही. एक लाल रेघ. बस्स. ती मी ओढली असती तर आज खिशात हे पत्र नसतं. पण लाल रेघ असलेलं घर दुसऱ्या श्रेणीत जायचं, आणि पहिल्या श्रेणीतल्या घरांचं मोठ्या सभागृहात प्रदर्शन लागणार होतं. मी आमच्या घराची मापं रविवारी घेतली. मी बाहेर शिडीवर, ताई आत टेपचं टोक धरून. बाहेरचे आकडे मी ओरडून सांगायचो, आतले ती वाचायची, आणि मोजवहीत लिहायची तीच, कारण माझे हात शिडीला होते. मग सोमवारी टेबलावर मी घर काढलं, सहा खिडक्या एका ओळीत, तीन फूट तीन, तीन फूट तीन, तीन फूट तीन. प्रदर्शनात साहेब त्या नकाशापुढे थांबले आणि म्हणाले, घर असावं तर असं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते मी बाबांसाठी केलं, बाबांना नोटीस येऊ नये म्हणून. सोळा वर्षांपूर्वीच्या फेरफाराला कोण नोटीस देणार होतं? लाल रेघ त्यासाठीच तर होती. तेव्हा माझ्या लग्नाची बोलणी चालू होती, मुलीचे वडील इंजिनिअर, आणि ते प्रदर्शनाला येणार होते. त्या तिरळ्या खिडकीबद्दल त्यांनी विचारलं असतं, आणि मला सांगावं लागलं असतं की तिथे माझी बहीण बसते. मला ती खिडकी नको होती. खिडकीतलं माणूस नको होतं. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मनात पुरं केलं ते आत्ता, सुनावणीच्या आधीच्या रविवारी दुपारी, घरातल्या बोळात उभं राहून, आणि माझ्या कानशिलांवर कुणी सणसणीत दिल्यासारखं झालं. ती बोलणी तर फिसकटलीच. लग्न झालं दुसरीकडे, बायको जाऊनही आता सहा वर्षं झाली. खोटं मात्र ठणठणीत राहिलं.

बोळात मी उभा होतो तो त्या नकाशाच्या फ्रेमपुढे. प्रदर्शन संपल्यावर मला त्याची एक छापील प्रत मिळाली होती. बाबांनी ती बराच वेळ बघितली. त्यांचं बोट डावीकडच्या खिडकीवर थांबलं, वाकडं नख असलेलं तेच. मी वाट बघत होतो. ‘रेघा सुरेख आल्यात,’ एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी फ्रेम करून आणली आणि बोळात लावली, छताच्या जवळ, इतक्या वर की मलाही मान मोडून बघावं लागतं. मी तेव्हा हसलो होतो. मास्तरांना खिळा कुठे ठोकावा ते कळत नाही, म्हणालो होतो. दोन फूट अकरा ज्या माणसाला कळत होतं त्याला खिळा कळत नव्हता! बोळातून ताईची खुर्ची दिवसातून दहा वेळा जाते. त्या उंचीवरून, त्या कोनातून काचेवर फक्त उजेड चमकतो. बाबांनी तो नकाशा लावला होता तो तिला दिसू नये म्हणून. माझी अब्रू त्यांनी खिळ्यावर टांगून ठेवली होती, आणि मला कधी चकार शब्दानं बोलले नाहीत. बोलायला हवं होतं, बाबा. एक थोबाडीत दिली असतीत तरी चाललं असतं. मी स्टूल आणलं, फ्रेम उतरवली आणि तशीच धुळीसकट आत नेली. डोकं अगदी शांत होतं. आता होईल ते होईल.

‘हे बघ,’ मी म्हणालो आणि फ्रेम तिच्या मांडीवर ठेवली. पत्रही ठेवलं. तिनं पदरानं काच पुसली, चष्मा वर केला. आधी तिनं दार बघितलं, जिना बघितला, मग बोटानं खिडक्या मोजल्या, एक, दोन, तीन. सहावीपाशी बोट थांबलं. ‘ही माझी नाही,’ ती म्हणाली. ‘नाही.’ ‘मी एक नऊ लिहिलं होतं.’ ‘हो.’ ‘मग?’ मला वाटलं होतं मी काहीतरी बोलेन, इतका विचार केला होता. तोंडातून निघालं ते असं, ‘मला लाज वाटली, ताई. तुझी.’ खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होईना. ताईनं फ्रेम उजेडाकडे कलती केली. ‘त्या इंजिनिअरच्या मुलीच्या वेळी ना?’ ती म्हणाली. ‘तेव्हा तू मला सांगितलंस, पाहुणे येणार आहेत, आत बस. मी म्हटलं ठीक आहे, एक दिवसाचं आहे. तू तर कायमचंच आत बसवलंस की रे.’ तिचा आवाज चढला नाही, पण खालचा ओठ तिनं दातांत धरला. मी तिच्या खुर्चीचा हात धरायला गेलो, तिनं माझा हात बाजूला केला. ‘रडायचं असेल तर बुधवारी रड. मंगळवारी अकराला जायचंय ना? जा आणि सांग त्यांना. मला न्यायची गरज नाही. जे तू केलंस ते तू निस्तर.’ मग फ्रेम तिनं भिंतीला टेकवून ठेवली, काच भिंतीकडे करून, आणि अर्धी राहिलेली छत्री हातात घेतली.

समितीचं कार्यालय म्हणजे माझंच जुनं खातं, टेबलं बदलली, वास तोच. अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. ‘या सूतराव, या! तुम्हाला कशाला बोलवायची वेळ आली, आम्हालाच कसंतरी वाटतंय.’ बाजूला नोंदणीच्या मॅडम होत्या, वय पस्तिशीचं असेल, आणि त्यांच्या मागे भिंतीवर माझा दुसरा एक नकाशा, कोपऱ्यावरच्या घड्याळघराचा. ‘सर, मी तुमच्या शीट्सवरून हात बसवला,’ त्या म्हणाल्या, ‘म्हणून पत्र लिहिताना जरा...’ मी म्हणालो, पत्र बरोबर आहे, तुम्ही ज्याच्यावरून लिहिलंत तो कागद खोटा आहे. ‘कोण म्हणतं?’ ‘ज्यानं काढला तो म्हणतोय.’ अध्यक्ष हसले. ‘अहो, सूतरावांच्या हातून चूक? कुणाला सांगता!’ ‘चूक नाही, साहेब. खोटं. चूक माझ्या हातून कधी झाली नाही.’ आणि तुम्हाला सांगतो, त्यांना पटेना. मी काढलेल्या रेघेवर त्यांचा विश्वास, माझ्यावर नाही. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, ‘सर, घरासाठी तुम्ही स्वतःच्याच कामाला खोटं म्हणताय. मी समजू शकते. पण शीटच्या विरोधात काहीतरी पुरावा लागेल.’ त्यांच्या डोळ्यांत माझी कीव होती, आणि त्या क्षणी उठून, बरं, राहू द्या, म्हणणं फार सोपं होतं. माणसं मला नमस्कार करत राहिली असती. ताई भिंत बघत राहिली असती. मी म्हणालो, ‘मोजवही काढा. अकरा नंबरच्या घराची, आमच्या. बेचाळीस घरांच्या मोजवह्या मी जमा केल्या होत्या, तुमच्या तळघरात असतील. कुणी उघडल्या नसतील, माझी शीट असताना मोजवही कोण बघतंय?’

वही यायला पाऊण तास लागला. तोवर अध्यक्षांनी मला चहा दिला आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मॅडम आल्या त्या वही उघडी धरूनच, चालता चालता वाचत. कोपरे वाळवीनं खाल्ले होते, आकडे शाबूत. ‘वरचा मजला, डावी खिडकी, कट्टा,’ त्यांनी वाचलं आणि थांबल्या. ‘एक फूट नऊ.’ मग वही डोळ्यांजवळ नेली. ‘पण हे अक्षर तुमचं नाही.’ ‘माझ्या बहिणीचं. आत टेप तिनं धरली होती.’ ‘आणि इथे शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलंय. बाकी खिडक्यांना “ठीक”, “गज वाकला”, “बिजागरी सैल” असं आहे. हिच्यापुढे “माझी” लिहिलंय.’ मला ते माहीत नव्हतं. म्हणजे सोमवारी ती वही समोर उघडी ठेवूनच मी नकाशा काढला होता. माहीत नसेल कसं? वाचलं असणार आणि पुढे गेलो असणार. मी मान खाली घातली. अध्यक्षांनी वही स्वतःकडे ओढून घेतली. खिडकी आहे तशी राहील, ते म्हणाले, पण मग ही शीट रद्द. आणि एक शीट खोटी निघाली तर बाकीच्या एक्केचाळीसांवर फेरतपासणीचा शिक्का मारावा लागेल, तसं कारण लिहून. तुमच्या नावानिशी. तुम्हाला मान्य आहे? ‘मान्य आहे,’ मी म्हणालो. ‘आणि फेरतपासणी मी करीन. फुकट. टेप धरायला तुमचं माणूस द्या, आकडे त्यानंच लिहायचे.’ मॅडम मला दारापर्यंत सोडायला आल्या. त्या चिडल्या होत्या, गाल लाल झाले होते. ‘मी काय शिकले मग तुमच्याकडून?’ त्या म्हणाल्या. मी म्हणालो, ‘रेघ शिकलात. ती चांगली आहे. आकडा मात्र स्वतः मोजून घेत जा, माझा असला तरी.’ मी जिना उतरत असताना वर कुणीतरी घड्याळघराची फ्रेम खिळ्यावरून काढत होतं. काच दाराला लागल्याचा आवाज आला.

नवा नकाशा काढायला मला नऊ दिवस लागले. हात थरथरतो आता. लाल रेघ ओढताना तर दोनदा कागद बदलावा लागला. ताई इतके दिवस कामापुरतं बोलत होती, मीठ दे, दार लाव. नकाशा दाखवला तेव्हा तिनं बोटानं परत मोजलं, सहावीपाशी आली आणि ती लाल चौकट बघत राहिली. ‘लाल छान दिसतंय,’ ती म्हणाली. ‘मूळ प्रत समितीला. ही तुला. कुठे लावू?’ ‘मला दिसेल तिथे.’ मी टेप काढली आणि खुर्चीतल्या तिच्या डोळ्यांची उंची मोजली. दोन फूट आठ. परत मोजली. बाबांची दोन फूट अकराची रेघ चुन्याखाली कुठेतरी असेल. ताई तिच्या तीन इंच खाली उतरली होती. ‘म्हातारी झालीस,’ मी म्हणालो. ‘तू काय मोठा तरुण लागून गेलास! ठोक खिळा.’ खिडकीशेजारच्या भिंतीत मी खिळा ठोकला आणि फ्रेम लावली. सरळ आहे की नाही ते उभ्यानं कळेना, म्हणून गुडघे धरून, आई गं म्हणत, तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. फ्रेम सरळ होती. मग मान वळवली. त्या दुपारनंतर सत्तावन्न वर्षांत मी त्या जागी, त्या उंचीवर कधी बसलो नव्हतो. ‘काय दिसतं?’ ताईनं विचारलं. मी गजांजवळ तोंड नेलं. ‘मिस्त्री आलाय,’ मी म्हणालो, ‘गाडीवरून चौकटी उतरवतोय. समोरचा चष्म्याचा दुकानदार दारात उभा राहून कान कोरतोय. आणि कुणीतरी आकड्याला छत्री अडकवलीय, काळी, मुठीला चिकटपट्टी लावलेली.’ दोरीला हिसका बसला. ताईनं हात पुढे केला नाही.

‘मग बघत काय बसलास?’ ती म्हणाली. ‘ओढ वर.’